बिनलायब्ररीचा ग्राफिक्स डेमो करताय? या चुका टाळा

एकही लायब्ररी नाही, नुसतं सी आणि लिनक्सचा फ्रेमबफर (स्क्रीनवरचे पिक्सेल जिथे असतात ती मेमरी), आणि त्यात जळती आग दाखवायची असा डेमो करायला घेतला की एरर मेसेजचे लाड विसरा, काय चुकलंय ते स्क्रीनच सांगते. (स्क्रीनवर काहीच येत नसेल तर बहुतेक डेस्कटॉपमधूनच चालवताय, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून कन्सोलवर जा.)

चित्र तिरकं होऊन डावीकडे घसरतंय? मग रुंदी गुणिले ४ (एका पिक्सेलचे ४ बाइट) म्हणजे एक ओळ असं धरलंय तुम्ही. माझ्या १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर त्या हिशोबाने ५४६४ बाइट होतात पण ड्रायव्हर ६४ च्या पटीत ओळ ठेवतो म्हणून निघाले ५५०४, म्हणजे ४० बाइटचा फरक, दर ओळीला १० पिक्सेल सरकणार, माझ्या ज्वाळा चक्क आडव्या पडल्या होत्या. ओळीची लांबी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विचारून घ्या. आग गॅसच्या शेगडीसारखी निळी आली तर लाल-निळ्याची अदलाबदल झालीय, एवढंच.

आग रखडतेय? आगीचा प्रत्येक पिक्सेल खालच्या पिक्सेलांची सरासरी काढतो, म्हणजे वाचणं आलं, आणि फ्रेमबफरमधून वाचणं भयंकर स्लो असतं. स्वतःचा अ‍ॅरे ठेवा, सगळं त्यात करा आणि शेवटी एकदाच कॉपी मारा.

मला सगळ्यात जास्त छळलं वेळेने. डेमो एकदम मक्खन चालायचा आणि लॅपटॉप दोन दिवस बंद नाही केला की झटके खायला लागायचा, रीस्टार्ट केला की परत गुळगुळीत! घड्याळ बूटपासूनचे सेकंद देतं आणि मी ते थेट फ्लोटमध्ये (३२ बिटांच्या दशांश आकड्यात) टाकत होतो, १,३१,०७२ सेकंदांच्या पुढे म्हणजे साधारण ३६ तासांनी फ्लोटची सगळ्यात छोटी पायरीच १/६४ सेकंद होते, एका फ्रेमएवढी. सुरुवातीची वेळ आधी इंटिजरमध्येच (पूर्णांकातच) वजा करा, मग फ्लोट करा.

आणि मेमसेट, म्हणजे मेमरीत एकच किंमत भरणारं लायब्ररीतलं फंक्शन. तुम्ही साधा शून्य भरायचा लूप लिहिता, जीसीसी हा कंपायलर ऑप्टिमाइझ करताना त्याचा मेमसेट कॉल करून टाकतो, लायब्ररीच नाही म्हणून लिंकर (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा) बोंबलतो, मग तुम्ही स्वतःचा मेमसेट लिहिता, पण त्यातही लूपच असतो ना, त्याचाही मेमसेट होतो आणि तो स्वतःलाच बोलवत बसतो. मी तिथे दोन ओळी असेम्ब्ली लिहून विषय संपवला.