बर्नआउट कसे ओळखावे आणि त्याचे मूळ कसे शोधावे

काम करणारा माणूस थकणारच, त्यामुळे बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने आतून संपून जाण्याची, सुरुवात सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या करणारे कामगार असोत वा नाशिकच्या रुग्णालयांतील परिचारिका, 'हल्ली नकोसं वाटतं' एवढेच ते म्हणतात आणि घरचेही ते फारसे मनावर घेत नाहीत. म्हणून पहिली पारख विश्रांतीची करावी. साधा थकवा दोन-चार रात्री पुरेशी झोप मिळाली की उतरतो; परंतु सुट्टी घेऊन परतल्यावर पहिल्याच दिवशी तोच जडपणा अंगावर येत असेल, तर प्रश्न केवळ झोपेचा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळला गेल्यामुळे उद्भवणारी ती अवस्था आहे, असे तेथे नमूद केले आहे. तिची तीन अंगे सांगितली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटकपणा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. यांपैकी दुसरे अंग मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण थकवा माणूस बोलून दाखवतो, तुटकपणा मात्र त्याचा त्यालाही दिसत नाही. पूर्वी 'आजी, आज जेवण गेलं का?' असे विचारत सलाईन लावणारी परिचारिका हळूहळू 'सात नंबरचं झालं का?' एवढेच विचारू लागते. तिची माया आटली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. उरलेली शक्ती वाचवण्यासाठी मनाने घेतलेला तो आडोसा असतो.

याशिवाय रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधडणे, क्षुल्लक कारणावरून मुलांवर ओरडणे, सवयीच्या कामात चुका होणे, डोकेदुखी, अपचन, तंबाखू किंवा दारूचे प्रमाण वाढणे याही खुणा आहेत. त्या तारखेसह वहीत लिहून ठेवाव्यात आणि त्या दिवशी कामावर काय घडले, हेही शेजारी लिहावे. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींतून कारण बरेचसे उलगडते.

कारण शोधताना केवळ कामाचे तास मोजू नयेत. या विषयाच्या अभ्यासक क्रिस्टिना मॅस्लॅक आणि मायकेल लायटर यांनी सहा बाबी तपासायला सांगितल्या आहेत: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मिळणारा मोबदला व कदर, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय्य वागणूक आणि स्वतःच्या मूल्यांशी कामाचा मेळ. ताबा नसणे किती झिजवते, हे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला वेगळे सांगावे लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आले की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने अपरात्री फवारणीला उठायचे, आणि एवढे करूनही भाव आपल्या हातात नाही. अशा हंगामामागून हंगाम काढलेल्या माणसाला 'जरा फिरून या' हा सल्ला पुरत नाही.

कारण सापडले की उपायही त्याच ठिकाणी करावा. बोजा जास्त असेल तर वरिष्ठांकडे 'मला ताण आहे' असे मोघम न सांगता नोंदवही समोर ठेवून कोणते काम कमी करता येईल, पाळीची अदलाबदल कधी होईल, रजेवर असताना फोन कोण घेईल, हे विचारावे. प्राणायाम आणि सकाळचे चालणे यांनी शरीराला आधार मिळतो, परंतु दोन माणसांचे काम एकावर पडत असेल तर त्यांनी ते हलके होत नाही. घरच्यांनीही 'सगळेच करतात, तुलाच काय झालं?' हे वाक्य कटाक्षाने टाळावे.

थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, म्हणून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. कामापासून दूर असतानाही कशातच आनंद वाटत नसेल आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर ते नैराश्य असू शकते; अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल, तर मुळीच थांबू नये. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते, आणि स्वतःला फोन करवत नसेल तर घरातील कोणीही तो लावून देऊ शकते.