ऑपरेशनचं बिल आणि मेडिक्लेम: या चुका टाळा

'मंजुरी आली' म्हटलं की घरचे निर्धास्त होतात, आणि पहिली चूक तिथेच होते. विमा कंपनीची ऑपरेशनआधीची मंजुरी हॉस्पिटलच्या अंदाजावर दिलेली असते. खरा आकडा ठरतो डिस्चार्जच्या बिलावर. म्हणून अंदाजपत्रक हातात आलं की विचारा: यात भूलतज्ज्ञाची फी, इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग), ओटीचं म्हणजे ऑपरेशन थिएटरचं भाडं धरलंय का? काढलेल्या गाठीच्या तपासणीचं बिल काही ठिकाणी वेगळं आणि नंतर येतं, तेही विचारून ठेवा.

सगळ्यात महागात पडते ती खोलीची निवड. पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा आहे आणि आपण तिच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली, तर भाड्यातला फरक भरला की झालं, असं वाटतं. पण अनेक पॉलिसींत प्रमाणशीर कपातीचं कलम असतं. ते लागू झालं की सर्जनची फी, ओटी, नर्सिंग हे सगळंच निम्मं मान्य होतं, कारण बऱ्याच हॉस्पिटलांत खोलीचा वर्ग वाढला की डॉक्टरांचे दरही वाढतात. औषधं आणि इम्प्लांटला ही कपात लागते का, हे कलमात बघा. दाखल व्हायच्या आधी बघा, नंतर नव्हे.

विम्याची रक्कम बिलापेक्षा मोठी आहे म्हणजे सगळं मिळेल, हाही गैरसमजच. समजा बिल 1,00,000 चं आहे. त्यात हातमोजे, नोंदणी शुल्क अशा न मिळणाऱ्या गोष्टींचे 6,000 गेले. उरले 94,000. डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण भरायची ठरलेली रक्कम, 20,000 असेल तर राहिले 74,000. त्यावर 10 टक्के को-पे (उरलेल्या रकमेतला आपला वाटा), म्हणजे आणखी 7,400. कंपनी देणार 66,600 आणि आपल्या खिशातून जाणार 33,400. वजावटीचा क्रम पॉलिसीगणिक बदलू शकतो, तेव्हा स्वतःच्या पॉलिसीवर हे गणित एकदा मांडून बघाच. मोतीबिंदूसारख्या ऑपरेशनला वेगळी कमाल मर्यादा असेल तर तीही.

आता कागदपत्रं. माझ्या आईला रक्तदाबाचा त्रास 2 वर्षांपासून होता. डिस्चार्ज समरीत, म्हणजे घरी सोडताना हॉस्पिटल देतं त्या उपचारांच्या सारांशात, तो 12 वर्षांपासून असल्याचं लिहिलं होतं. दाखल करताना घाईत घेतलेल्या माहितीतली ही चूक. पण पॉलिसी 5 वर्षांपूर्वीची, म्हणजे कागदावर आजार विम्याच्या आधीचा आणि लपवलेला ठरला असता. आम्ही घरी निघण्याआधी वाचलं, जुने रिपोर्ट दाखवले, डॉक्टरांकडून दुरुस्ती करून सही-शिक्का घेतला. त्या दहा मिनिटांनी क्लेम वाचला. तुम्ही कितीही थकलेले असा, हा कागद वाचल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका.

बिलात 'ओटी साहित्य' अशी एकच मोठी रक्कम असेल तर तपशीलवार बिल मागा. इम्प्लांटच्या वेष्टनावरचं नंबराचं स्टिकर आणि त्याची पावती सोबत घ्या.

पैसे कापले गेले तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. किती कापले आणि कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. 'वैद्यकीयदृष्ट्या गरज नव्हती' असं कारण दिलं असेल, तर गरज का होती हे सांगणारं सर्जनचं पत्र जोडून फेरविचाराचा अर्ज करा. त्याची मुदत नकाराच्या पत्रातच लिहिलेली असते का, ते आधी बघा.