गंजलेल्या पत्र्याच्या भोकात नुसती पुट्टी भरू नका

गाडीच्या दारावर रुपयाएवढं भोक दिसलं की जाळी लावून पुट्टी भरायचा मोह होतो. तो टाळा. पुट्टी ओल शोषते, गंज मागून वाढत राहतो आणि काही महिन्यांत तिथेच रंगाला फुगे येतात.

आधी भोकाच्या कडेचा रंग घासून काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचत जा. टोक जिथवर आत घुसतं तिथवर पत्रा मेलेला आहे. लखलखीत, टणक पत्रा लागेपर्यंत कापाच. भोक दुप्पट-तिप्पट मोठं होतं, पण त्याला इलाज नाही.

कापलेल्या जागी बसवायचा पॅच, म्हणजे नवा पत्र्याचा तुकडा, मूळ पत्र्याच्याच जाडीचा घ्या, बहुतेक गाड्यांत ती ०.७ ते ०.८ मिमी असते. कोपरे गोल ठेवा. वेल्डिंग सलग ओढू नका: वेल्डिंगचा एक टाका (ठिपका) इथे, पुढचा समोरच्या बाजूला, मध्ये पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. घाई केली की पत्रा तापून वाकतो, आणि वाकलेला पत्रा सरळ करणं हे भोक बुजवण्यापेक्षा किचकट. वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढा, आतलं अस्तर दूर करा.

टाके घासल्यावर इपॉक्सी प्रायमर (ओल अडवणारा अस्तर-रंग), मगच पुट्टीचा पातळ थर. आतल्या बाजूला गंजरोधक मेण फवारा. दाराच्या तळाची पाणी निघायची छिद्रं मोकळी आहेत ना, तेही बघा. बहुतेकदा ती बुजल्यानेच पत्रा खालून कुजतो.