हॅम रेडिओत नवीन येताय? मग आमच्या वेळच्या या लोकांबद्दल वाचाच

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स काढायचं म्हणून हल्ली बरीच पोरं-पोरी विचारतात, अभ्यास कसा करायचा, कुठला सेट घ्यायचा, चायनीज हँडी, म्हणजे हातात धरायचा छोटा सेट, चालेल का वगैरे. परीक्षेचं सांगणं सोपं आहे. लायसन्सच्या दोन ग्रेड, त्यातल्या रिस्ट्रिक्टेडला मोर्स, म्हणजे डॉट-डॅशची सांकेतिक लिपी, नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या स्पीडने पाठवायची आणि घ्यायची, दोन्हीला रेडिओची थिअरी आणि नियम, वय १२ पूर्ण पाहिजे, अर्ज सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन. एवढं कुणीही सांगेल. पण पास झाल्यावर बँडवर, म्हणजे हॅमना दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर, वागायचं कसं, हे मी ऐंशीच्या दशकात ज्या माणसांकडून शिकलो त्यातले बहुतेक आता सायलेंट की झालेत, हयात नाहीत. नवीन लोकांना ते भेटणार नाहीत म्हणून मी लिहितोय.

पहिले आठवतात ते तार ऑफिसातून रिटायर झालेले एक मास्तर. आयुष्यभर साउंडरची, म्हणजे तारयंत्राची, टकटक ऐकून तारा उतरवलेला माणूस, समोर चहा पीत गप्पा मारता मारता हात मोर्स लिहीत राहायचा. मी डॉट-डॅशचा तक्ता पाठ करून गेलो होतो, तो त्यांनी शांतपणे घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाले, हे डोळ्याने शिकायचं नसतं. डॉट म्हणजे डि किंवा डिट, डॅश म्हणजे डा, तर सी म्हणजे डा-डि-डा-डिट, क्यू म्हणजे डा-डा-डि-डा, अख्खा आवाज एका झटक्यात ओळखू आला पाहिजे, मोजत बसलात की पुढचं अक्षर गेलंच. आजही शिकणाऱ्याला मी हेच सांगतो, अक्षर वेगात वाजवा आणि दोन अक्षरांमधली गॅप लांब ठेवा, हळूहळू गॅप कमी करा, ॲप वापरलंत तरी त्यात हे सेटिंग असतं.

की, म्हणजे मोर्स पाठवायचा दाबता खटका, कशी धरायची यावर तर त्यांनी माझा बराच वेळ घेतला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट नॉबवर नुसतं टेकलेलं, कोपर टेबलावर, आणि हलायचं ते मनगट. बोटांनी ठोकत राहिलं की थोड्या वेळात हात भरून येतो आणि डिट आखडायला लागतात. कीच्या दोन कॉन्टॅक्टमध्ये कागदाएवढी फट ठेवायचे. बँडवर कोण आहे हे ते कॉलसाइन, म्हणजे प्रत्येक हॅमला मिळालेली ओळखीची अक्षरं-आकडे, यायच्या आधी सांगायचे, प्रत्येकाचा हात वेगळा असतो म्हणून, कुणाचा डा जरा लांबतो, कुणी स्वतःच्या कॉलसाइनच्या शेवटी घाई करतो. तुम्हालाही वर्षभर रोज ऐकलंत तर हे जमायला लागेल, त्यात जादू काही नाही.

दुसरे कोल्हापूरकडचे एक शाळामास्तर. त्यांच्या काळात बाहेरचा तयार सेट परवडणं आणि मिळणं दोन्ही अवघड, मग जुन्या मर्फीच्या रेडिओला बीएफओ, म्हणजे मोर्सची शिट्टी ऐकू यावी म्हणून लावायचं छोटं सर्किट, जोडून रिसीव्हर केलेला, कारण बीएफओ नसेल तर मोर्स नुसती फुस-फुस ऐकू येते, शिट्टी येत नाही. ट्रान्समीटर ८०७ नंबरच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळीचा, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार पालथा घालून जमवलेला, ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळलेला. ८०७ च्या प्लेटला साधारण ६०० व्होल्ट असतात, तिथे चूक झाली तर दुसरी संधी नाही. त्यामुळे चालू सेटजवळ काम करताना त्यांचा डावा हात कायम खिशात, म्हणजे करंट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जाणार नाही, आणि बंद केल्यावरही कंडेन्सर डिस्चार्ज केल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. आता सगळे १२ व्होल्टवरच काम करतात म्हणून ही सवय कुणी लावून घेत नाही, पण लिनिअर, म्हणजे पॉवर वाढवणारा, ॲम्प्लिफायर किंवा जुना व्हॉल्व्ह सेट हातात आला तर हे नियम डोक्यात पक्के हवेत.

त्यांनीच मला ४० मीटरच्या बँडसाठी (४० मीटर ही लहरीची लांबी) डायपोल, म्हणजे दोन बाजूंना ताणलेल्या वायरचा ॲन्टेना, बांधायला लावला. साधारण २० मीटर तांब्याची वायर, मधोमध तोडून कोॲक्स केबल जोडायची, टोकांना चिनीमातीचे इन्सुलेटर, जितका उंच बांधता येईल तितका चांगला. ॲन्टेनावर खर्च करा, सेटवर नाही, असं ते म्हणायचे. मला हे शंभर टक्के पटतं. नवीन माणूस महागडा सेट घेतो आणि बाल्कनीत कशीतरी वायर लटकवतो, मग म्हणतो बँड मेलाय.

तसा बँड खरंच वर-खाली होतो, सूर्यावरच्या डागांची ११ वर्षांची सायकल असते, डाग जास्त तेव्हा लांबचं ऐकू येतं. १९५७-५८ ला डाग सगळ्यात जास्त होते तेव्हाच्या गोष्टी आम्ही मोठ्यांकडून ऐकायचो, आणि मग १९८९ च्या आसपास आम्ही स्वतः १० मीटरवर थोड्याशा वॉटमध्ये युरोपशी बोललो. त्या काळात बँडवर कोण कधी भेटेल सांगता यायचं नाही, जॉर्डनचे राजे हुसेन जेवाय१ म्हणून यायचे, आपल्याकडे राजीव गांधी व्हीयू२आरजी होते. बँडवर मात्र सगळ्यांना एकच नियम, सिग्नल रिपोर्ट, म्हणजे समोरचा कसा ऐकू येतोय ते, द्या, नाव सांगा, समोरच्याला बोलू द्या.

या लोकांची शिस्त कळली ती संकटाच्या वेळी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती, आणि आमच्या ओळखीतले काहीजण सेट, गाडीची बॅटरी आणि डायपोलची वायर घेऊन तिकडे निघाले. २००४ च्या त्सुनामीत अंदमानला भारती प्रसाद व्हीयू२आरबीआय आणि त्यांची टीम पोर्ट ब्लेअरलाच होती, आली होती डीएक्सपेडिशनला, म्हणजे दुर्मीळ ठिकाणाहून सेट चालवायला, आणि निरोप पोचवायचं काम अंगावर घेतलं. अशा वेळी एकच जण नेट कंट्रोल, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर जमलेल्यांचा सूत्रधार, असतो आणि बाकीच्यांनी बोलवल्याशिवाय बोलायचं नाही, मग कितीही घाई वाटली तरी. निरोपाला नंबर आणि वेळ, नाव फोनेटिकमध्ये (ए म्हणजे अल्फा असं) एकेक अक्षर, आकडे सुटे सुटे, आणि समोरच्याने सगळं परत वाचून दाखवल्याशिवाय पोचला असं धरायचं नाही. हे दर रविवारच्या साध्या नेटवर सुद्धा पाळा, ऐनवेळी नव्याने शिकता येत नाही.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एखादा हॅम गेला की घरच्यांना काही कळत नाही, लॉगबुकं आणि बोलणं झाल्याची खूण म्हणून आलेली क्यूएसएल कार्डं रद्दीत जातात, सेट भंगारवाल्याकडे. असं होताना मी बघितलंय आणि फार वाईट वाटतं, कारण त्या लॉगमध्ये तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, रिपोर्ट सगळं असतं, चाळीस वर्षांचा बँड कसा चालला ते त्यात सापडतं. शिवाय लायसन्स माणसाच्या नावावर असतं, ट्रान्समीटर असा कुणालाही विकता येत नाही, लायसन्स असलेल्यालाच द्यावा लागतो. तेव्हा ओळखीत असं घडलं तर सुतक वगैरे झाल्यावर घरच्यांना भेटा, लॉग आणि कार्डं स्कॅन करून द्या, सेट योग्य हातात जाईल हे जवळच्या क्लबला सांगून बघा. आणि स्वतःचं सामान कुणाला द्यायचं ते एका कागदावर लिहून घरात ठेवा, वय कितीही असो.

जे जुने लोक अजून आहेत त्यांच्याकडे मात्र आत्ता जा. फोन करून वेळ घ्या, परवानगी असेल तर मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, आणि जाताना तुम्ही स्वतः जोडलेलं काहीतरी बरोबर न्या, चालत नसलेलं असेल तर आणखी चांगलं, ते हातात घेऊन उलटंपालटं करतील आणि मग बोलणं आपोआप सुरू होईल.