न्यूजर्सीत नवीन आलात? मुंबईचं अंतर तासांत मोजा

इथे नवीन आलेली मुंबईची मंडळी भेटली की आई-बाबांना बोलवायचा विषय निघतोच आणि मग प्रश्न येतो, प्रवास नक्की किती तासांचा? मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किमी. डायरेक्ट फ्लाईटला इकडे येताना १६ तासांच्या आसपास लागतात, परत जाताना दीड-दोन तास कमी, कारण वरती जेट स्ट्रीमचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, तो जाताना पाठीशी असतो नि येताना समोरून. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि एअर इंडियाला वळसे घ्यावे लागले, त्यामुळे कोणाच्या जुन्या तिकिटावरच्या वेळा धरून चालू नका.

पण हे झाले हवेतले तास. डोंबिवलीहून निघणाऱ्यांचा विचार करा, रात्री दोनची फ्लाईट म्हणजे सहारला टी-२ वर अकरापर्यंत पोचायचं, म्हणजे घर नऊलाच सोडायचं, पावसाळ्यात अजून आधी, मग इकडे इमिग्रेशनची लाईन, बॅगा, एडिसनपर्यंतची गाडी. घरापासून घरापर्यंत २४ तास धराच, एक स्टॉप असेल तर ३० च्या आसपास.

तारीख मात्र नीट समजावून सांगा. १५ तारखेची पहाटे दोनची फ्लाईट म्हणजे १४ च्या रात्रीच घरातून निघायचं, इथे फार लोक गडबडतात. मुंबई हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास पुढे, मार्च ते नोव्हेंबर साडेनऊ, त्यामुळे १५ ला पहाटे निघालेले आई-बाबा १५ च्याच सकाळी इथे उतरतात. उलट तुम्ही इथून दुपारी निघालात तर तिकडे दुसरा दिवस उजाडून दुपार झालेली असते, सुट्टी टाकताना तो दिवस धरा.

वयस्कर माणसं एकटी येणार असतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी डायरेक्टच घ्या असं मी सांगेन, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, चालता येत असलं तरी, कारण सोबत माणूस मिळतो. स्टॉप घ्यायचाच तर अबू धाबी बरं, अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, फक्त मध्ये तीन तास तरी ठेवा आणि पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर हवा. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिली फ्लाईट लेट झाली तर पुढचं तिकीट गेलं समजा.

आता तुमच्यासाठी. पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपला तरी स्टेटस, म्हणजे इथे राहायची परवानगी, चालू असेल तर इथे राहता येतं, पण मुंबईला गेलात की परत यायला नवीन स्टॅम्प लागतो आणि बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट लगेच मिळेलच असं नाही. घरून रात्री फोन आला की हे २४ तासच जिवावर येतात, त्यात परतीची काळजी नको. सगळं ठीक असताना एखाद्या सुट्टीत जाऊन स्टॅम्पिंग करून घ्या.