विसर्जनाला मदत केंद्र लावताय?
ठाण्यात मासुंदा तलावाकाठी टेबल लावताना ते कडेलाच लावा, रुग्णवाहिकेची वाट अडता कामा नये. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच कालवा, ग्लासात नको.

सगळ्यात जपायचं ते हरवलेल्या मुलाला. आधी बसवा, पाणी द्या, मग हळू आवाजात नाव विचारा. माइकवर मात्र त्याचं नाव किंवा कपड्यांचा रंग पुकारू नका. ऐकून कुणीही ‘माझंच आहे’ म्हणत येईल. ‘एक मूल केंद्रावर सुखरूप आहे’ एवढंच सांगा. न्यायला आलेल्यालाच खुणा विचारा आणि मूल पोलिसांसमोरच सोपवा. तोवर त्याच्याजवळ कायम दोघं स्वयंसेवक हवेत, एकटं कुणी नाही. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन), ११२ (पोलीस व तातडीची मदत) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे नंबर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टांगा.