उन्हातल्या अंगणात कोणाशेजारी कोण लावावं

शेजारी निवडताना फुलांचा रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते पाणी. बोगनवेलीची माती मधूनमधून वाळली तरच ती फुलते. मोगरा आणि जास्वंदीला एप्रिल-मेमध्ये रोज पाणी लागतं. दोन्ही एकाच वाफ्यात लावली की बोगनवेल नुसती पानांनी माजते, नाहीतर मोगऱ्याच्या कळ्या गळतात. बोगनवेल फाटकापाशी एकटी राहू द्या. तिच्या पायथ्याशी कोरफड किंवा ऑफिस टाइम (पोर्तुलाका, जमिनीवर पसरणारं छोटं फुलझाड) चालतं.

ऊन मे महिन्यात मोजून फसू नका. दक्षिणेला पाच फुटी कुंपण असेल तर डिसेंबरात भर दुपारीही त्याची सावली साडेचार फूट आत येते. तेवढी पट्टी गवती चहा किंवा अळूला द्या.

मग माती. मुंबईत बऱ्याच अंगणांखाली बांधकामाचं राबिट, म्हणजे विटा-सिमेंटचा राडारोडा, पुरलेलं असतं. त्यातला चुना-सिमेंट माती अल्कधर्मी करतो, आणि अनंत, एक्झोरा यांची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसू लागतात. ही लोहाची कमतरता. नुसतं शेणखत ओतून ती जात नाही. दीड फूट खणून राबिट काढा, दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू भरा. ही दोन झाडं भिंतीपासून दोन फूट लांबच लावा. नर्सरीतल्या रोपाच्या मुळाशी लाल चिकट मातीचा गोळा असतो. तो बाहेरून हलक्या हाताने मोकळा करा, नाहीतर मुळं त्यातच घुटमळतात.

जास्वंदीशेजारी भेंडी नको. दोघी एकाच कुळातल्या, त्यामुळे पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) एकीवरून दुसरीवर सहज जातो. तीच गोष्ट वांगी, टोमॅटो, मिरचीची: तिन्ही एकत्र म्हणजे रोगाला पंगत. त्यांच्यामध्ये झेंडूची ओळ घाला. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे मातीतले सूक्ष्म किडे, कमी होतात, पण कुंडीभर झेंडू बाजूला ठेवून उपयोग नाही, तो त्याच मातीत वाढायला हवा. थंडीत थोडा शेपू फुलावर येऊ द्या. त्या फुलांवर येणाऱ्या काही माश्यांच्या अळ्या मावा (कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड) खातात.

जास्वंदीपासून दुसरं मोठं झाड निदान चार फूट लांब. मधली जागा ऋतूप्रमाणे बदलत ठेवा. उन्हाळ्यात ऑफिस टाइम छान पसरतं, पण जूनच्या धारांनी कुजतं, म्हणून पावसाआधीच काढा. सदाफुलीही पाणी साचलं की बुंध्यातून काळी पडून मरते. ती उंचवट्यावर ठेवा. ऑफिस टाइमच्या जागी पहिल्या सरीला तेरडा पेरा, गौरींपर्यंत फुलतो. झेंडूचं बी जुलैत टाकलं तर दसऱ्याला हाताशी फुलं येतात. त्यासाठी वाफा जमिनीपासून सहा ते आठ इंच उंच हवा; पावसाळ्यात खरं संकट उन्हाचं नसतं, तुंबलेल्या पाण्याचं असतं.

पिठ्या दिसलाच तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 2 मिली द्रव साबण घोटून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूनेही. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. सात दिवसांनी पुन्हा एकदा, आणि खोडावरच्या मुंग्यांचा बंदोबस्त करा. त्याच पिठ्याला सांभाळतात.